कोकणातल्या घराची वीज: पाणी उपसताना, तापवताना आणि वाळवताना

वीजबिल वाढले की घरात सगळ्यांत आधी दिव्यांवर नजर जाते. पडवीतला दिवा रात्रभर कोणी चालू ठेवला, न्हाणीघरातला कोणी बंद केला नाही, यावरून बोलणी होतात. पण नऊ वॅटचा एलईडी दिवा रात्री दहा तास जळला तरी महिन्याला तीन युनिटही खात नाही. विहिरीवरचा पंप नीट पाणी ओढत नसेल, तर तेवढी वीज आठवडाभरातच वाया जाते आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोलत नाही.

आमचे घर गुहागर तालुक्यात आहे. नारळ-सुपारीच्या आगरात विहीर, जांभ्याच्या भिंती, अर्ध्या घरावर कौले आणि अर्ध्यावर स्लॅब, असे या किनाऱ्यावर सगळीकडे दिसते तसेच ते आहे. मीटरचे आकडे वहीत लिहायला लागल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. कोकणातल्या घरातली बहुतेक वीज पाण्यामागे खर्च होते. विहिरीतून पाणी उपसायला, ते आंघोळीसाठी तापवायला, आणि हवेतला ओलावा अंगावरून, कपड्यांवरून व खोलीतून घालवायला ती लागते. त्यामुळे घाटावरच्या किंवा शहरातल्या घरांसाठी लिहिलेल्या सूचना आपल्याकडे अर्ध्याच उपयोगी पडतात. पुढची माहिती आपल्या घरांना समोर ठेवून, ज्या क्रमाने काम करावे त्याच क्रमाने लिहिली आहे.

आधी बिल नीट वाचा

बिलावरची एकूण रक्कम बाजूला ठेवा आणि वापरलेली युनिट व रीडिंगमधले दिवस हे दोन आकडे शोधा. एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालल्यावर लागणारी वीज. दर महिन्याचे रीडिंग बरोबर तीस दिवसांनीच होते असे नाही, म्हणून युनिटला दिवसांनी भागून रोजचा वापर काढावा आणि महिन्या-महिन्याची तुलना त्या आकड्यावर करावी. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ताही असतो. आपल्या घरांत त्यात बहुधा दोन उंचवटे दिसतात. एक एप्रिल-मे महिन्यांचा, जेव्हा पंखे आणि पंप सर्वांत जास्त चालतात. दुसरा गणपतीच्या महिन्याचा, जेव्हा घर भरलेले असते.

त्यानंतर आकारांकडे वळावे. स्थिर आकार वीज वापरली नाही तरी द्यावाच लागतो. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार हे युनिटप्रमाणे बदलतात, आणि त्यावर घरगुती ग्राहकांना १६ टक्के वीज शुल्क लागते. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. वापर शंभरच्या वर गेला म्हणून सगळीच युनिट महाग होतात, हा समज चुकीचा आहे. पहिली शंभर युनिट स्वस्त दरानेच राहतात, फक्त वरची युनिट पुढच्या टप्प्याच्या दराने मोजली जातात. मात्र दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास असतो, म्हणून महिन्याला १४० युनिट वापरणाऱ्या घराने चाळीस युनिट वाचवली तर ती सगळी महागडीच वाचतात. बचतीचा हिशेब करताना बिलाला युनिटने भागून आलेला सरासरी दर घेऊ नये. आपण ज्या टप्प्यात संपतो त्या टप्प्याचा, सर्व आकारांसह येणारा दर घ्यावा. दर बदलत राहतात, म्हणून तो आपल्याच ताज्या बिलावरून काढावा.

बिलावर रीडिंगऐवजी सरासरी लावलेली आहे का, हेही पाहावे. कुलूपबंद घरांच्या बाबतीत असे वारंवार होते, आणि मग कुलूप उघडल्यावर तीन-चार महिन्यांची युनिट एकदम दिसतात. अशा वेळी टप्प्यांचा लाभ त्या सर्व महिन्यांत विभागून दिला आहे की नाही, हे बसून तपासावे. महावितरणच्या मोबाइल अ‍ॅपवरून स्वतः रीडिंग पाठवता येते, त्या सोयीचा उपयोग करावा. दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारा टीओडी मीटर बसलेला असेल, तर दिवसाच्या वेळेत वापरलेल्या विजेची सवलत बिलात वेगळी दाखवलेली आहे का तेही पाहावे. ती मिळत असेल तर पंप, धुलाई आणि इस्त्री ही कामे सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आत उरकण्यात फायदा आहे.

मग मीटरसमोर बसा

माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या आसपास ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज गेली की तो दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. घरातली सर्व बटणे बंद करून, प्लग काढून, एकच उपकरण चालू ठेवले, तर या दिव्यावरून ते किती वॅट ओढते हे काढता येते. ३२०० च्या मीटरसाठी हिशेब असा की, ११२५ ला लुकलुकण्याच्या संख्येने गुणायचे आणि लागलेल्या सेकंदांनी भागायचे. मीटरवर दुसरा आकडा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागून ११२५ च्या जागी येणारी संख्या वापरावी.

माझी पुतणी मोबाइलवर सेकंद लावून मीटरखाली स्टुलावर बसली आणि मी माजघरातला जुना पंखा पूर्ण वेगात लावला. दहा वेळा दिवा लुकलुकायला १५० सेकंद लागले, म्हणजे ७५ वॅट. मग तो बंद करून खोलीतला नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा, पंखा लावला. दहाव्या लुकलुकीला ३७५ सेकंद झाले, म्हणजे ३० वॅट. एवढा वेळ लागतो आहे हे पाहून तिला दिवा बंद पडला असे वाटले आणि ती दोनदा मला हाक मारून विचारून गेली. दोन पंख्यांतला फरक कागदावर कितीही सांगितला तरी तो असा पटत नाही.

तिसरी चाचणी अधिक महत्त्वाची आहे. घरात काहीच चालू नाही असे आपल्याला वाटते, त्या स्थितीत दिवा पाहावा. आमच्याकडे दर ५६ सेकंदांनी तो एकदा लुकलुकत होता, म्हणजे वीस वॅट वीज गुपचूप जात होती. दिवसाचे चोवीस तास आणि महिन्याचे तीस दिवस धरले तर ही साडेचौदा युनिट होतात. ती सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, राउटर आणि इन्व्हर्टर यांच्यात वाटली गेली होती. टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स जागाच असतो, म्हणून त्या दोघांचे बटण भिंतीवरून बंद करण्याची सवय लावावी.

सगळे प्लग काढून, इन्व्हर्टरही वेगळा करून दिवा तरीही लुकलुकत राहिला, तर मात्र प्रकरण बचतीचे राहत नाही. भिंतीतल्या वायरिंगमधून कुठेतरी वीज गळत असण्याची शक्यता असते, आणि पावसाळ्यात ओल्या जांभ्याच्या भिंतीत अशी गळती जिवावर बेतू शकते. त्याच दिवशी जाणकार वायरमनला बोलवावे.

पाणी उपसणे

एक हजार लिटर पाणी पंधरा मीटर वर चढवायला शास्त्राप्रमाणे ०.०४ युनिट पुरते. प्रत्यक्षात लहान घरगुती पंपाला त्याच्या कितीतरी पट वीज लागते, कारण मोटर, पंपाचा पंखा आणि पाइपातले घर्षण हे सर्व आपापला वाटा खातात. एक अश्वशक्तीचा पंप ७४६ वॅटचे काम देतो, पण मीटरमधून तो साधारण एक हजार वॅट ओढतो. तेव्हा पंप जितका वेळ चालतो तितका खर्च, हा सरळ हिशेब आहे, आणि म्हणून हजार लिटरची टाकी भरायला किती मिनिटे लागतात हे प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.

आमची टाकी पूर्वी पंचवीस मिनिटांत भरत असे. हळूहळू तो वेळ वाढत गेला आणि कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण पंप लावणारा माणूस बटण दाबून आगरात कामाला जायचा. मोजला तेव्हा तो पंचावन्न मिनिटांवर गेला होता. एका टाकीमागे अर्धे युनिट, म्हणजे रोज एक टाकी धरली तर महिन्याला पंधरा युनिट विनाकारण जात होती. पहिला सल्ला मिळाला तो मोठी मोटर घेण्याचा. सुदैवाने त्याआधी विहिरीतला पाइप वर काढून पाहिला. पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप असते, त्या फूट व्हॉल्व्हच्या जाळीत सुपारीचा पाला आणि गाळ बसला होता, त्यातली रबराची चकती झिजली होती, आणि खेचणाऱ्या पाइपाच्या एका जोडातून हवा शिरत होती. फूट व्हॉल्व्ह नवा बसवला, जोड पुन्हा आवळला, आणि टाकी सत्तावीस मिनिटांत भरू लागली.

यावरून काढलेला क्रम असा. दर महिन्याला एकदा टाकी भरण्याचा वेळ घड्याळ लावून वहीत लिहावा. तो तिसऱ्या हिश्शाने वाढला तर आधी फूट व्हॉल्व्ह, मग खेचणाऱ्या पाइपाचे जोड, मग पंपाचा आतला पंखा, आणि सर्वांत शेवटी मोटर तपासावी. पंप बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी त्यात पाणी ओतून तो चालू करावा लागत असेल, तर फूट व्हॉल्व्ह पाणी धरून ठेवत नाही हे निश्चित समजावे. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली की तोच पंप कमी पाणी देतो, तेव्हा एप्रिलच्या वेळेची तुलना एप्रिलशी आणि सप्टेंबरची सप्टेंबरशी करावी. पाइपाला शक्य तेथे काटकोनी वळणे देऊ नयेत, आणि पाइपाचा व्यास पंपाच्या तोंडापेक्षा लहान कधीही घेऊ नये. टाकी भरून वाहू नये म्हणून तरंगता गोळा लावून पंप आपोआप बंद करणारे साधन मिळते, त्याचा खर्च फार नाही.

संध्याकाळी विजेचा दाब (व्होल्टेज) कमी असताना पंप लावू नये. कमी दाबावर मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते आणि पाणीही कमी देते. पहाटे किंवा सकाळी दाब बरा असतो.

नारळ-सुपारीच्या शिंपण्याचा विषय मात्र वेगळा आहे. घरगुती पंपावर रोज दोन तास आगर शिंपले तर महिन्याला साठ युनिट त्यातच जातात, आणि ती सगळी वरच्या टप्प्यातली असतात. आगरासाठी कृषिपंपाची स्वतंत्र जोडणी घेणे हाच योग्य मार्ग आहे. त्याबरोबर ठिबक बसवावे आणि माडाच्या आळ्यात सोडणे (नारळाची वरची साले) उपडी पसरून वर पाल्याचे आच्छादन द्यावे. ओल टिकली की शिंपण्याची पाळी लांबते आणि पंपाचे तास तेवढे कमी होतात.

पाणी तापवणे

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. विहिरीचे पाणी २६ अंशांचे आणि आंघोळीचे ४२ अंशांचे धरले, तर वीस लिटरच्या एका बादलीला ०.३७ युनिट पडते. चार माणसांच्या घरात हे महिन्याला ४५ युनिटच्या आसपास जाते. गणपतीत दहा माणसे असली तर रोजची पावणेचार युनिट केवळ आंघोळीची होतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. तीन हजार वॅटचा गीझर दोन हजारवाल्यापेक्षा जास्त वीज खातो असे नाही, तो तेच पाणी लवकर तापवतो इतकेच. फरक पडतो तो पाणी किती आणि किती गरम, यावर. म्हणून गीझरचा थर्मोस्टॅट ४५ ते ५० अंशांवर आणावा, कारण ६५ अंशांचे पाणी करून त्यात पुन्हा बादलीभर थंड पाणी मिसळताना टाकीतून बाहेर झिरपणारी उष्णता फुकट जाते. साठवणीचा गीझर आंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटे लावावा, आंघोळी एकामागून एक उरकाव्यात आणि शेवटची व्यक्ती आत गेली की तो बंद करावा. दिवसभर चालू ठेवलेला गीझर रिकाम्या घरातही स्वतःला गरम ठेवत राहतो.

ज्यांच्या न्हाणीत अजून बंब आहे, त्यांनी तो काढून टाकण्याची घाई करू नये असे मला मनापासून वाटते. सोडणे, करवंट्या आणि झावळ्या आपल्याच आगरातल्या आहेत, आणि त्या जाळल्यावर निघणारा कार्बन माडाने नुकताच हवेतून घेतलेला असतो. अट एकच की धूर घरात येता कामा नये आणि प्लॅस्टिकचा एक तुकडाही त्यात जाता कामा नये. गॅस गीझर लावायचा असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. बंद न्हाणीत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासही न येता माणूस मारतो. सौर उष्णजलाचा संच आठ महिने उत्तम काम देतो, पण विहिरीचे पाणी जड असेल तर त्याच्या नळ्यांत क्षार बसतो, हे घेण्याआधी विचारात घ्यावे.

ओलावा: पंखे, कपडे आणि एसी

आपल्याकडे पंखा ही चैन नाही. हवेत आधीच पाणी भरलेले असल्याने घाम वाळत नाही आणि तो वाळवण्याचे काम पंखा करतो. चार जुने पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला १०८ युनिट होतात, तीस वॅटचे बीएलडीसी पंखे असतील तर ४३. सगळे एकदम बदलण्याची गरज नाही. ज्या खोलीत रात्रभर पंखा चालतो तेथून सुरुवात करावी, कारण बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात, तर पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून वर्षभरात काही हाती लागत नाही. या पंख्यांचा आपल्या भागात आणखी एक फायदा आहे. विजेचा दाब पडला तरी त्यांचा वेग फारसा कमी होत नाही. त्यांना जुन्या रेग्युलेटरमधून जोडू नये, आणि आत इलेक्ट्रॉनिक पट्टी असल्याने विजांच्या कडकडाटात ते मुख्य बटणावरून बंद ठेवावेत.

पाण्यावर चालणारा कूलर विदर्भात वरदान असला तरी किनाऱ्यावर घेऊ नये. आधीच ओल्या हवेत तो आणखी ओल भरतो.

एसी कोकणात दुहेरी काम करतो, हे त्याच्या पाइपाखाली बादली ठेवली की समजते. हवा थंड करण्याबरोबर तो हवेतल्या वाफेचे पाणी करतो, आणि एक लिटर पाणी काढायला साधारण ०.२ युनिट लागते. आमच्या मावशींच्या घरी मे महिन्यात रात्रभरात आठ लिटरची बादली काठोकाठ भरली, म्हणजे दीड युनिटहून जास्त वीज केवळ पाणी गाळण्यात गेली. त्या खोलीच्या खिडकीची फळी नीट बसत नव्हती आणि दारामागे ओले टॉवेल टांगलेले होते. बाहेरची दमट हवा फटीतून आत येत राहिली तर एसी रात्रभर जणू समुद्रच गाळत बसतो. म्हणून आधी फटी बुजवाव्यात, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नयेत, आणि न्हाणीचे दार बंद ठेवावे. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू करताना आपोआप २४ अंशांवर येतात, पण २६ अंश आणि सोबत मंद पंखा एवढ्यावर बहुतेकांना शांत झोप लागते. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पावसाळ्यात हवा गार पण चिकट असते, तेव्हा ड्राय मोड पुरेसा होतो.

एसी घेण्याआधी स्लॅबकडे पाहावे. पावसासाठी स्लॅबवर पत्र्याची शेड करायचीच असेल तर ती मधून वारा खेळेल इतकी उंच ठेवावी. स्लॅबवर सावली पडली की संध्याकाळी वरून उतरणारी धग लक्षात येण्याइतकी कमी होते. शेड नसेल तर पांढरा उष्णता परतवणारा रंग द्यावा.

आषाढ-श्रावणात कपडे पंख्याखालीच वाळतात, त्याला इलाज नाही. धुलाई यंत्रात पिळण्याचा वेग वाढवून जास्तीत जास्त पाणी तेथेच काढावे, दोरीवर कपड्यांत अंतर ठेवावे, आणि जुन्या ७५ वॅटच्या पंख्याऐवजी घरातला कमी वॅटचा पंखा या कामाला घ्यावा.

मुंबईहून आलेला फ्रीज

मुंबईत नवा फ्रीज घेतला की जुना गावच्या घरी पाठवायचा, ही आपल्या घराघरांतली रीत आहे. प्रेमाने पाठवलेल्या त्या वस्तूला नको म्हणणे जड जाते, तरीही तो स्वीकारण्याआधी मोजावा. बाजारात प्लग-इन वीजमापक मिळतो, त्यात फ्रीज लावून दोन दिवस ठेवला की रोजचा खरा आकडा समोर येतो. पंधरा वर्षांपूर्वीचा मोठा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज दिवसाला दीड-दोन युनिट खाताना मी पाहिला आहे. आजचा जास्त तारे असलेला लहान एकदारी फ्रीज अर्ध्या युनिटच्या आसपास राहतो. तारांकन २००६ मध्ये सुरू झाले आणि त्याचे निकष वेळोवेळी कडक होत गेले, त्यामुळे जुन्या फ्रीजवरचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचे नाहीत. चिकटपट्टीवरचे साल आणि वर्षाला लागणारी युनिट वाचावीत, तारे नंतर मोजावेत.

असलेला फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावा. दाराच्या रबरात कागद धरून ओढून पाहावा. तो सहज सुटला तर रबर बदलावे, कारण त्या फटीतून आपली ओली हवाच आत जाते आणि बर्फ होऊन बसते. मागच्या जाळीवर खाऱ्या हवेने गंज आणि धूळ यांचा थर धरतो, तो दर तीन महिन्यांनी मऊ ब्रशने काढावा.

खारी हवा आणि अर्थिंग

समुद्रापासून जवळच्या घरांत पितळी टोके हिरवी पडतात आणि स्क्रू गंजतात. सैल किंवा गंजलेला जोड तापतो, तेथे वीज वाया जाते आणि पुढे आगही लागू शकते. मिरगाआधी कौले शाकारतो तसे एकदा मुख्य बोर्ड, पंपाचा स्टार्टर आणि गीझरचा प्लग उघडून जोड आवळून घ्यावेत. कातळावरच्या घरांत अर्थिंग मे महिन्यात कोरडे पडते, त्याच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. तीस मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे बटण) नसेल तर या लेखातले दुसरे काहीही करण्याआधी तो बसवावा.

चाकरमान्यांच्या बंद घरांसाठी एवढेच: निघताना फ्रीज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडे ठेवावे, म्हणजे बुरशी धरणार नाही, आणि मुख्य बटण बंद करावे. स्थिर आकार येत राहील, पण युनिट शून्य राहतील.

कार्बनचा हिशेब

कोयनेचे पाणी चिपळूण तालुक्यात पोफळीला उतरून वीज देते, तेव्हा आपली वीज स्वच्छच आहे, असे आपल्याकडे बरेच जण समजतात. पण वीज एका मोठ्या जाळ्यातून येते. त्यात कोयना आहे, तारापूरची अणुवीज आहे, तसाच जयगडचा आणि चंद्रपूरचा कोळसाही आहे. कोयनेचे पाणी मर्यादित आहे आणि ते वापरले जातेच. आपण वाचवलेले युनिट बहुतेक वेळा कोळशाचे असते. देशाच्या वीजजाळ्यात सरासरी एका युनिटमागे ०.७ किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. महिन्याला पन्नास युनिट कमी केली तर वर्षाला ४२० किलोहून जास्त उत्सर्जन टळते.

याच हिशेबाने एक अडचणीची गोष्टही समोर येते. जाळ्यातल्या विजेवर इंडक्शन शेगडी चालवली तर तिचे उत्सर्जन आज गॅसच्या शेगडीपेक्षा जास्त पडते, कारण इंडक्शन उष्णता फारशी वाया घालवत नसले तरी कोळशाची वीज मुळातच भारी आहे. छतावर सौर वीज असेल तर हे गणित उलटते.

सौर संच, आणि तो शेवटी का

वापर १५० युनिटवरून ९० वर आणल्यावर एक किलोवॅटचा संच पुरतो. आधी संच घेतला असता तर दोन किलोवॅटचा लागला असता, म्हणून हे काम शेवटी ठेवले आहे. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट मिळतात. आषाढात मात्र त्याच्या निम्मीही मिळत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची युनिट पुढच्या महिन्यांत वळती होतात आणि त्यांचा वार्षिक हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस होतो. एप्रिल-मेमध्ये साठलेली युनिट जुलैत कामी येतात, त्यामुळे ही पद्धत आपल्या हवामानाला चांगली जुळते.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, १७-१८ अंशांच्या उतारावर बसवावीत. माडाची सावली दुपारी एका पॅनेलवर जरी पडली तरी पूर्ण ओळीचे उत्पादन घटू शकते, आणि नारळ पडण्याची भीती वेगळीच. सांगाडा जाड जस्ताचा मुलामा दिलेला आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, हे करारात लिहून घ्यावे. साधे बोल्ट खाऱ्या हवेत थोड्याच वर्षांत झिजतात. कौलारू छपरावर संच बसवण्याआधी वासे आणि भाले (छपराची मोठी लाकडे) तपासून घ्यावेत, नाहीतर आगरात स्वतंत्र सांगाडा उभारावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोलीकडे पत्रे कुठल्या कुठे उडाले होते, हे ठेकेदाराला आवर्जून सांगावे आणि सांगाडा स्लॅबमध्ये किती खोल रोवणार हे विचारावे.

जाळ्याला जोडलेला साधा संच बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून ती योजना असते. त्यामुळे भर उन्हात छतावर पॅनेल असूनही पंप चालणार नाही. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तेव्हा ज्यांच्या विहिरीवर रहाट शाबूत होता त्यांच्याकडे अख्खी वाडी पाण्याला येत होती. तेव्हा छतावर संच चढला तरी रहाट काढू नये, त्याच्या कण्याला दर मिरगाआधी तेल द्यावे आणि दोर बदलून ठेवावा.